हळू आवाजात

११ जानेवारी १९६५, नांदुरा

आमचे मेहुणे भगवंतराव आज शालूला आमच्याकडे सोडून गेले. सुलतानपूरहून एस.टी. बदलत बदलत आले, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले.

शालू माझी धाकटी बहीण. वय सव्वीस, लग्नाला आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं भगवंतरावांच्या पत्रांतून कळत होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. मनगटाची हाडं वर आली आहेत. उंबऱ्यापाशी उभी राहिली ती माझ्या बायकोनं, कोकिळेनं, हात धरून आत नेईपर्यंत तशीच.

भगवंतराव तिथल्या सोसायटीचे चेअरमन. मोठा सोशिक माणूस. त्यांनी आवाज चढवलेला मी एकदाही ऐकला नाही. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उत्तमराव, रोज ती काय करते, काय बोलते, तारखेवार लिहून ठेवा. पुढं उपयोगी पडेल." मला पटलं. मी रेल्वेच्या गुड्स ऑफिसात क्लार्क. सतरा वर्षं वॅगनींच्या नोंदी लिहितो आहे, बहिणीची लिहायला काय हरकत? म्हणून ही वही.

१२ जानेवारी

खाणं: अर्धी भाकरी. झोप: कोकिळा म्हणते, डोळे उघडेच होते.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, "वहिनी, मी पाणी घेऊ का?" कोकिळा म्हणाली, "इचारता काय बाई, आपल्याच घरात पान्याले कोनी इचारते काय?" तरी दुपारी पुन्हा विचारलं. संध्याकाळी पुन्हा.

एक चांगली गोष्ट. तिची भाषा सुधारली आहे. आमच्यासारखं मले-तुले करत नाही. भगवंतरावांच्या घरचं वळण.

१४ जानेवारी

संक्रांत. क्वार्टरमधल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. शालू आतल्या खोलीत पेटीमागं बसून राहिली. एकीनं मोठ्यानं विचारलं, "नणंद कशी आहे हो तुमची?" तर आतून आवाज आला, "माझी तब्येत बरी नाही." पाठ केल्यासारखा.

१७ जानेवारी

कोकिळेची कात्री सापडेना. शालू लगेच म्हणाली, "माझ्याकडून हरवली." कुठं ठेवली विचारलं तर रडायला लागली. "आठवत नाही, पण मीच हरवली असणार." तासाभरानं कात्री शेजारच्या सुभद्राबाईंकडे निघाली. कोकिळेनंच दिली होती. म्हणजे शालूनं तिला हातही लावला नव्हता. नोंद: विनाकारण खोटं बोलते.

आठवलं म्हणून लिहितो. दीड वर्षापूर्वी तिचं एक कार्ड आलं होतं. एरवी तिची पत्रं सुवाच्य, शुद्ध असायची. हे मात्र वेड्यावाकड्या अक्षरात होतं, "दादा मले घेऊन जाय, मी मरून जाईन." बांगड्यावाल्या बाईच्या हाती टाकायला दिलं होतं म्हणे. मी घाबरलो आणि कार्ड तसंच्या तसं भगवंतरावांना पाठवून विचारणा केली. त्यांचं फार समजुतीचं उत्तर आलं. आजाराची सुरुवात तेव्हाचीच असावी.

२३ जानेवारी

आठवडाभर कापसाच्या गाठींची गर्दी. लिहायला सवड झाली नाही.

एक अजब गोष्ट पाहिली. काल गँगमन आणि हमाल आमच्या खिडकीखाली भांडले. कान किटतील अशा शिव्या. शालू भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. आज मी तिच्याजवळ बसून अगदी हळू, मायेनं म्हणालो, "शालू, बाई, जरा इकडं पाह्य." तर तिच्या हातातलं ताट थडथडायला लागलं. आरडाओरड्याची भीती नाही आणि मायेची भीती. यालाच वेड म्हणत असतील.

१ फेब्रुवारी

भगवंतरावांचं पत्र आलं. सोबत मेहकरच्या वकिलाकडून लिहवून घेतलेला कागद. शालू तीन वर्षांपासून सतत भ्रमिष्ट आहे आणि बरी होण्यासारखी नाही, असं मी भाऊ या नात्यानं लिहून द्यायचं. ही वहीही मागितली आहे. कोर्टातून फारकत मिळाली की शालू कायमची आमच्याकडे राहील, तिची ओढाताण थांबेल. त्यांनाही पुढं घर चालवायचं आहे. पत्रात कुठंही कडवट शब्द नाही.

मला त्यात गैर काही दिसलं नाही. कोकिळेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डाक्टरले दाखवल्याबिगर तुम्ही सही काऊन करता? बरी होत नाई हे त्याईले कोनं सांगतलं?"

२ फेब्रुवारी

शालूला सांगणं माझं कर्तव्य होतं. हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं तिनं. म्हणाली, "तू म्हणशील तसं, दादा." मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं घेतलं.

३ फेब्रुवारी

सकाळी दहाच्या सुमारास पॉइंट्समन महादेवराव शालूला हाताला धरून घेऊन आले. ती केबिनच्या पलीकडं रुळांमध्ये बसली होती. मालगाडी आऊटर सिग्नलला उभी होती म्हणून निभावलं. महादेवराव ऑफिसात येऊन म्हणाले, "बाबू, मी इचारलं, बाई इथं काऊन बसली? तर म्हने, मी इथं बसू का?"

कोकिळा दिवसभर तिच्याजवळून हलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "काल तुम्ही सांगतलं, आज ती तथी गेली. तुमच्या वहीत हे दोन्ही जवळजवळ लिवजा."

लिहिलं आहे.

मी रजेचा अर्ज दिला.

११ फेब्रुवारी, नागपूर

तिघं आलो. माझ्या पासवर लग्न झालेली बहीण बसत नाही, तिचं तिकीट काढलं. धर्मशाळेत उतरलो आहोत. मोठ्या इस्पितळातले मनाच्या आजाराचे डॉक्टर वयस्क आहेत, घाईत नसतात. मी वही पुढं केली. त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मग शालू आणि कोकिळेला आत बसवून मला बाहेर पाठवलं. पावणेदोन तास.

नंतर मला बोलावलं. त्यांनी विचारलं, "घरी मारहाण होत होती?"

मी म्हणालो, "छे, छे. एकदाही हात उचलला नाही. फार सज्जन माणूस."

"ओरडत असत?"

"त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नाही."

डॉक्टरांनी वहीच्या एका पानावर बोट ठेवलं. "इथं तुम्ही 'विनाकारण खोटं बोलते' असं लिहिलंय. रोज कोणीतरी गुन्हा कबूल करून घेतल्याशिवाय माणसाला ही सवय लागत नाही, बाबूजी."

मी विचारलं, म्हणजे तिला वेड नाही? ते म्हणाले, "आजार आहे. चांगलाच आहे. शेजारच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येतो असं तिला अजून वाटतं. झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही. याला औषध लागेल, कित्येक महिने लागेल. पण मलेरिया झाला की आपण माणसाला नुसतं क्विनाइन देऊन पुन्हा त्याच डबक्याकाठी झोपवत नाही."

विजेच्या झटक्यांचं मी भीत भीत विचारलं. तूर्त गरज नाही म्हणाले. गोळ्या कोकिळेच्या ताब्यात ठेवायच्या, तिला एकटं सोडायचं नाही, महिन्यानं परत दाखवायचं. बरी होईल का? "बरीचशी. मधूनमधून खाली जाईल. तेव्हा घाबरू नका, आणि तिच्यावर रागावू नका."

मी कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, सही तुम्ही करायची की नाही ते मी सांगणार नाही. पण 'बरी होण्यासारखी नाही' हे वाक्य मी लिहिणार नाही.

१४ फेब्रुवारी

घरी आलो. कोकिळेनं आत ऐकलेलं आज मला सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

भगवंतराव रोज जेवणानंतर शालूला समोर बसवून दिवसभरातल्या तिच्या चुका सांगत. हळू आवाजात, आपल्या आईसमोर. तिनं एकेक कबूल करायची. नाही म्हटलं तर बोलणं बंद. एकदा बावीस दिवस बंद होतं. ती मीठ ठेवी एका फळीवर, सापडे दुसऱ्या फळीवर. ते हसून म्हणत, "तूच ठेवलंस, विसरलीस." आल्यागेल्याला सांगत, हिची तब्येत बरी नाही. मग गावातल्या बायाही तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तशा बोलायला लागल्या. तिच्या तोंडून मले-तुले निघालं की ते फक्त थांबत आणि तिच्याकडे पाहत राहत. आम्हांला यायची ती शुद्ध पत्रं ते तपासून देत. तांबड्या शाईनं, मग ती नव्यानं उतरवून काढी.

कोकिळा म्हणाली, "एका गोष्टीनं काईच नाई होत. आठ वर्सं, रोज."

मी विचारलं, कार्डाचं काही बोलली का? कोकिळा म्हणाली, ते तुम्ही तिलेच इचारा.

विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, मेहकर, एस.टी. स्टँड

परतीची गाडी दोन तासांनी आहे. घडलं तसं आत्ताच लिहून ठेवतो, कारण माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

सही करणार नाही हे तोंडावर सांगायला सुलतानपूरला गेलो होतो. भगवंतरावांनी फार आदरानं बसवून घेतलं. ओट्यावर सोसायटीचे दोन सभासद होते. मी नागपूरचं सांगितलं. ते मान डोलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "उत्तमराव, राग मानू नका. लग्नाच्या वेळी तुम्हीच मला म्हणाला होता, शालू जरा कमकुवत डोक्याची आहे, सांभाळून घ्या. मी सांभाळलं."

मी म्हणालो, असं मी बोललो नाही.

"विहिरीजवळ. तुमच्या अंगात पांढरा कोट होता."

पांढरा कोट होता. विहिरीजवळ आम्ही बोललोही होतो. काय बोललो ते आठवेना. हळवी आहे म्हणालो होतो का? कमकुवत म्हणालो होतो का? सभासद माझ्याकडे बघत होते. भगवंतराव त्यांना म्हणाले, "बहिणीच्या काळजीनं यांचीही तब्येत ठीक दिसत नाही. हात बघा." मी हात पाहिले. कापत होते.

पिशवी मी ओट्यावर ठेवली होती, ती आत खुंटीला सापडली. ते हसले. "तुम्हीच अडकवलीत की. विसरलात?" मला वाटायला लागलं, अडकवलीही असेल.

मग त्यांनी कागद पुढं केला. दौत-टाक ठेवला. म्हणाले, "मी जबरदस्ती करत नाही. तुमच्या बहिणीचंच हित." मी टाक उचलला होता. हे लिहायला लाज वाटते, पण उचलला होता. तिथून सुटावं एवढंच वाटत होतं.

तेवढ्यात त्यांच्या आई सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या. पासष्टीच्या आहेत. भगवंतरावांनी घोट घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आई, साखर फार झाली." म्हातारी लगेच म्हणाली, "हो रे बाबा, माझंच चुकलं." तिचा हात थरथरत होता. शालूचं ताट थरथरलं होतं तसाच.

मीही दुसऱ्या हातानं त्याच चहाचा घोट घेतला. अगोड होता. साखर मुळी घातलेलीच नव्हती.

मी टाक खाली ठेवला आणि ओरडलो. आयुष्यात इतका ओरडलो नसेन. "मी सही करत नाई! चहात साखर नाई, आन् मी तसं बोललो नाई!" सभासद उठून उभे राहिले. भगवंतराव हळूच म्हणाले, "बघा. रक्तातच आहे."

पिशवी घेतली आणि चालू लागलो. म्हातारी दारात उभी होती. तिला काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

तिकीट खिशात आहे की नाही ते चारदा पाहिलं. आहे.

२३ फेब्रुवारी

घरी पोचलो. कोकिळेला पहिलं विचारलं, "लग्नात मी शालूबद्दल काय म्हणालो होतो, तुले आठवते का?" ती म्हणाली, "मले काय मालूम? पन तुम्ही कोनाले कमकुवत म्हनत नाई. तुम्ही वजन पाह्यल्याबिगर गाठीलेही हलकी म्हनत नाई."

मी एक तास बसलो भगवंतरावांसमोर. एकच तास. ती आठ वर्षं बसली होती.

मग शालूजवळ गेलो. आवाज नेहमीचा ठेवला, हळू केला नाही. म्हणालो, "तुझं कार्ड मी त्याईले पाठवलं होतं. माझी चूक झाली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले मालूम आहे. दर शनिवारी ते मले वाचून दाखवत. म्हनत, पाह्य, तुह्या भावानंच धाडलं."

कोकिळेनं जेवायला हाक मारली. जेवायला पिठलं होतं.

९ मार्च

नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, ते होणारच म्हणाले. झोप पाच तास. भाकरी एक. पाणी विचारून घेते, पण कधी कधी विचारायच्या आधी पेला हातात असतो.

बिडवई नावाच्या मलकापूरच्या वकिलांना कागद दाखवला. ते म्हणाले, फारकतीचा दावा त्यांनी लावू द्या, आपण खर्चीचा, म्हणजे पोटगीचा लावू. शालूला विचारायला हवं. पूर्वी हे सुचलं नसतं.

३० मार्च

वाईट आठवडा. शालू तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. आंघोळ नाही. शेजारच्या खोलीत भगवंतराव आहेत असं म्हणून भिंतीला कान लावते. मी खोली उघडून दाखवली, तरी पटलं नाही. मी वैतागून म्हणालो, "इतकं औषध, इतकं पानी केलं, तरी तू तशीच!" कोकिळेनं मला बाहेर काढलं.

डॉक्टरांनी रागावू नका सांगितलं होतं. रागावलो. नोंद करून ठेवतो.

३ एप्रिल

उठली. केस धुतले. महादेवरावांच्या मळ्यातून वांगी आली होती, ती चिरली. मी पुढं होऊन म्हणालो, परवा बोललो ते मनावर घेऊ नको. म्हणाली, "तू ओरडतो तवा बरं वाटते. कडेपावतर ऐकू येते, मागं काई लपत नाई."

हे मला नीट कळलं नाही. पण लिहून ठेवलं.

१९ एप्रिल

भगवंतरावांचं पत्र. माझ्या नावे. उघडायला गेलो आणि थांबलो. शालूला दिलं. म्हणालो, तुझ्याबद्दलच असेल, तूच उघड. दिवसभर तिनं ते फळीवर ठेवलं. संध्याकाळी उघडलं, उभ्यानंच वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"काय म्हणतात?"

"तू आजारी आहे म्हनते. तुह्यासाठी देव पान्यात ठेवले म्हनते." मग म्हणाली, "उत्तर धाडायचं नाई. वकिलाले सांगजो, खर्चीचा लावा."

कोकिळेनं विचारलं, नक्की ना बाई? शालू म्हणाली, "आत्ता तं नक्की आहे. सकाळी इचारजा पुन्हा."

सकाळी विचारलं. म्हणाली, हाव.

५ मे

काल अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, झाली. वडिलांच्या नावानं घागर भरली, आमरस केला. सुभद्राबाई आणि त्यांचे यजमान जेवायला होते.

जेवताना मी सहज सांगत होतो की आमच्या वडिलांची तांबडी गाय, चंद्री, त्यांनी खामगावच्या बाजारातून आणली होती. शालू वाढता वाढता थांबली. म्हणाली, "नाई. चंद्री घरचीच. कपिलेची कालवड."

मी म्हणालो, कपिलेची कालवड वेगळी, ती पांढरी होती. ती म्हणाली, "पांढरी तं मनकर्णाआत्याले देली. तू तवा शेगावले शिकाले होता, तुले काय मालूम?" मी म्हणालो, मी मोठा आहे. ती म्हणाली, "मोठा आहे म्हनून काय गाय बदलते काय?" सुभद्राबाई हसायला लागल्या. पाहुण्यांसमोर हे मला आवडलं नाही. मी जरा आवाज चढवला, तर तिनं माझ्यापेक्षा चढवला. रसाची वाटी हातातच, अर्धा तास. आमरस कोमट झाला. कोकिळेनं मध्ये पडायला हवं होतं, पण ती ताटात मान घालून जेवत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी का होतं ते मला कळलं नाही. रसात तिखट पडलं असेल.

शेवटी शालूनं वाटी आपटली, म्हणाली, "जाय, कोनालेही इचारून पाह्य," आणि स्वतःच्या पानावर बसून तीन पोळ्या खाल्ल्या.

हट्टी आहे. लहानपणापासून हट्टी आहे. आज सकाळीही तिनं तेच काढलं.

गाय खामगावचीच होती.